गोव्याच्या बोटीवर सहा बाटल्या

विमलाबाई केदारे नाशिकरोडच्या शाळेत तिसरीचा वर्ग घ्यायच्या. हजेरीच्या वेळी कुणी दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणालं, तर अख्ख्या वर्गाला खोटं बोलण्यावरून अर्धा तास ऐकावं लागे. रविवारी कॉलनीतल्या विहारात पंचशील म्हणताना त्यांचाच आवाज पुढे असायचा. आणि अशा बाईच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरणीला खेटून, नवऱ्यानं काळ्या द्राक्षांची वाईन मुरत घातलेली.

सहादू केदारे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. स्वतः ते थेंबभरही घेत नसत. पिणारा असता तर निदान भांडता तरी आलं असतं, असं विमलाबाईंना वाटे. त्यांना नाद होता तो फक्त करण्याचा. हे शिकवलं होतं कारखान्यातल्या इनास फोरमननी. इनास मूळचे गोव्याचे, निवृत्त होऊन गावी परतलेले. त्यांच्या मुलीचं लग्न ऐंशी सालच्या जानेवारीत निघालं आणि पत्र आलं, 'तुझ्या हातची वाईन घेऊन ये. बोटीनं ये, मजा येईल.'

"अहो, गोव्यात काय वाईनचा दुष्काळ पडलाय?" विमलाबाई म्हणाल्या.

"माझ्या हातची कुठं मिळणार तिथं?" सहादूंनी सरबताच्या सहा रिकाम्या बाटल्या धुवायला घेतल्या.

दारू बाळगायची तर परवाना हवा, असं कुणीतरी सांगितलं. सहादूंची सकाळची पाळी, म्हणून कचेरीत खेटे घालायचे विमलाबाईंनी. पहिल्या खेपेला फोटो लहान पडला, दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला परवाना हातात पडला तेव्हा त्यावर नाव होतं, 'विमलाबाई सहादू केदारे'.

"अहो, हा मिस्टरांसाठी हवा होता."

"अर्जावर सही तुमची आहे बाई. बदलायचा तर नवा अर्ज करा," कारकून मान वर न करता म्हणाला.

विमलाबाईंनी त्या कागदाची आठ घड्यांची पुडी केली आणि पर्सच्या तळाशी कोंबली. शाळेत कुणी पाहिलं असतं तर?

मुंबईला भाऊच्या धक्क्यावर सकाळी ही गर्दी! सहा बाटल्या विमलाबाईंच्या सहा पातळांत गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या होत्या, म्हणजे लग्नात नेसायचं पातळसुद्धा त्यातच. बोटीच्या शिडीपाशी पांढऱ्या कपड्यातल्या अधिकाऱ्यानं ट्रंक उघडायला लावली. पहिलंच पातळ उलगडलं आणि बाटली बाहेर आली.

"बाहेरची दारू बोटीवर चालत नाही. बोटीवर बार आहे, तिथं घ्या."

"दारू नाही साहेब, वाईन आहे. आणि परवाना आहे ना! विमल, दाखव."

विमलाबाईंनी पुडी उलगडली. अधिकाऱ्यानं एकदा कागद पाहिला, एकदा बाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्ही पिता?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. विमलाबाईंच्या कानांतून वाफा निघाल्या. "मी पीत नाही. हेही पीत नाहीत. लग्नात द्यायचीय."

"तुम्ही दोघं पीत नाही आणि सहा बाटल्या?" अधिकाऱ्यानं बूच काढून वास घेतला आणि नाक मुरडलं. "अहो, ही आंबून गेलीय, हा तर सिरका आहे! सिरक्याला कोण अडवतंय? उचला ट्रंक, चला वर."

सुटलो, असं विमलाबाईंना वाटलं. तेवढ्यात सहादू गरजले, "सिरका? अकरा महिने मुरवलीय मी! वाईन आहे ही, वाईन!"

"वाईन असेल तर इथंच ठेवून जा."

"वाईनच आहे!"

"अहो, तोंड मिटा!" विमलाबाई वर्गात ओरडतात तशा ओरडल्या. मग त्या अधिकाऱ्याकडे वळल्या. "साहेब, सिरकाच आहे. वर्षभर माझ्याच घरात वास मारतोय." हे खरं की खोटं, त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी ते तपासून पाहिलं नाही.

बोट सुटली. सहादू कठड्याशी, बायकोकडे पाठ करून बसले. विमलाबाईंनी दशम्यांची पुरचुंडी सोडली, शेंगदाण्याची चटणी काढली, तरी वळेनात. "सिरका म्हणालीस," एवढंच एकदा पुटपुटले. डाव्या हाताला रत्नागिरीचा किनारा सरकत होता, लोक पोरांना बोटानं दाखवत होते. जन्मात एकदा बोटीत बसायला मिळालं आणि नवरा सहा बाटल्यांसाठी सुतकात! विमलाबाईंनी दोघांच्या दशम्या एकटीनं खाल्ल्या.

पणजीहून गावी पोचताच इनासनी बाटल्या ओळीनं चाखल्या. चार बाटल्यांचा चक्क सिरका झाला होता. त्यांच्या बायकोनं तो हसत स्वयंपाकघरात नेला. लग्नाच्या मटणाला तिला हवाच होता. उरलेल्या दोन मात्र इनासनी थोरल्या पाहुण्यांसाठी बाजूला काढल्या. म्हणाले, "सहादू, ह्या दोन माझ्यापेक्षा सरस झाल्यात."

सहादू लहान पोरासारखे फुलले. मांडवभर सगळ्यांना द्राक्षांची जात सांगत हिंडले.

विमलाबाई लग्नात मिरवल्या त्या बाटली पाझरून जांभळे डाग पडलेल्या पातळात. कुणी विचारलंच, तर खरं ते सांगत होत्या, आणि प्रत्येक वेळी नवऱ्याकडे डोळे वटारून बघत होत्या.

परतीच्या दिवशी सहादू बाजारातून पिशवी घेऊन आले. आत चांगली चार डझन बुचं.

"पुढच्या वर्षी बूच घट्ट बसवतो," ते म्हणाले. "विमल, तुझ्या पर्समध्ये मावतील का बघ."