समोर बसायला माणूस

माझ्या फोनवर रोज सकाळी सुवर्णसंधी येतात. चहा उकळायच्या आत दोन-तीन तरी येऊन पडलेल्या असतात. कलाशिक्षकांसाठी सुवर्णसंधी, बालचित्रकारांसाठी राष्ट्रीय स्पर्धा, स्थानिक कलाकारांनो त्वरा करा. चित्रकलेच्या बाईंना हे पुढे ढकललं की आपण कलेसाठी काहीतरी केलं, असं बऱ्याच लोकांना वाटत असावं. जुने विद्यार्थी पाठवतात, पालक पाठवतात, आमच्या सोसायटीतले एक काका तर न चुकता पाठवतात. मुख्याध्यापिकांनी ज्या आठवड्यात शाळेतली चित्रकलेची खोली काढून घेतली आणि तिथे मोठा पडदा आणि प्रोजेक्टर बसवला, त्याच आठवड्यात मला 'शाळेत कलादालन कसे उभारावे' या ऑनलाइन कार्यशाळेची लिंक पाठवली. खाली जोडलेले हात. मीही उलट हात जोडले.

सुरुवातीला मी हे सगळं मनापासून करायचे. कार्यशाळांना बसायचे, मुलांची चित्रं स्पर्धांना पाठवायचे. मग हळूहळू लक्षात आलं की ज्या स्पर्धेला प्रवेशशुल्क असतं तिथे भाग घेणाऱ्या प्रत्येकाला सुवर्णपदक मिळतं. कार्यशाळेचं प्रमाणपत्र कार्यशाळा संपायच्या आधीच येतं आणि त्यावर माझं आडनाव चुकलेलं असतं. अशी प्रमाणपत्रं माझ्याकडे ढीगभर आहेत. त्यांतल्या एकाही कागदाची मागची बाजू चित्र काढायला उपयोगी नाही, इतका तो गुळगुळीत असतो.

मला खरं म्हणजे फार काही नको होतं. एका बाजूने उजेड येणारी जागा, जमिनीवर बसून मांडीवर बोर्ड घेता येईल एवढी मोकळीक, आणि मुलं. मुलं होती. विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या शाळेतली आठ-दहा पोरंपोरी रविवारी माझ्याकडे यायची. शाळेतली खोली गेल्यावर मी सोसायटीचा हॉल मागून पाहिला, पण तिथे दर रविवारी कुणाचा तरी वाढदिवस. मग माझे एक जुने सहकारी, गणिताचे निवृत्त सर, म्हणाले की माझ्या ओट्यावर या. त्यांचं घर वटारला, केळीच्या वाडीत. तिथे पोचायला विरार पूर्वेहून पश्चिमेला येऊन पुन्हा रिक्षा बदलावी लागते. सर आणि त्यांची पत्नी रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला जातात, ते परत आले की आमचा वर्ग सुरू. ओटा लांबलचक, उजेड उत्तरेचा, आणि सर मधूनच येऊन मुलांना त्रिकोण-चौकोन विचारणार, तेवढा एक त्रास सोडला तर जागा छान होती. पण दर रविवारी घरातून निघताना मला वाटायचं की आता पुरे. पाय दुखतात. सेवानिवृत्तीला थोडीच वर्षं राहिली, आणि मी गेल्यावर माझ्या जागी चित्रकलेला कुणी येणार नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे.

अशात एक खरी संधी आली. मुंबईत नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती पाठवली होती, आणि पुढे ढकललेली नव्हती. स्वतः टाइप करून लिहिलं होतं, 'बाई, हे खरं आहे, मी तिथे जाऊन आलोय.' एका संस्थेचं सुट्टीतलं निवासी शिबिर होतं. राहणं, जेवण, रंग, कागद सगळं त्यांचं, शिकवणारे चांगले, आणि पुढे कलामहाविद्यालयाच्या प्रवेशाला तेच तयारी करून घेणार. अट एकच. पाठवायच्या चित्रांमध्ये बसलेल्या माणसाचं एक पूर्ण रेखाटन हवं, आणि ते माणूस समोर बसवून काढलेलं हवं. फोटोवरून काढलेलं चालणार नाही.

मला लगेच एक मुलगी डोळ्यांसमोर आली. बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली. तिची रेघ अशी होती की मी तिच्या मागे उभी राहून नुसती बघत बसायचे. इतक्या वर्षांत अशी दोन-तीनच मुलं माझ्या हाताखालून गेली, आणि ती सगळी आज हिशेब लिहितात नाहीतर विमा विकतात. ही एक तरी सुटावी असं मला फार वाटत होतं. बाकी माझ्या नोकरीचं जे व्हायचं ते होऊ दे.

पण समोर बसायला माणूस आणायचं कुठून? ही अडचण मुंबईच्या संस्थेला कळणार नाही. आमच्याकडे घागर बसते, केळीचा घड बसतो, चादरीच्या चुण्या बसतात. माणूस बसत नाही. कमावती माणसं पहाटे बाहेर पडतात ती रात्री उगवतात, आणि रविवारी गव्हाच्या डब्यापासून गॅसच्या नळीपर्यंत सगळी कामं त्यांची वाट बघत असतात. मुलांना एकमेकांसमोर बसवलं तर हसू आवरत नाही. सर बसले, पण बसल्या बसल्या शिकवायला लागले आणि शिकवताना त्यांचे दोन्ही हात हवेत. मुलीला घेऊन मी बाजारात गेले. मासळीवालीने वही पाहिली आणि ओरडली, "ए पोरी, काय काढते माजं? मासली घेनार का ते सांग, नायतर वाट सोड!" आम्ही वाट सोडली.

"घरी कुणाला तरी बसव ना," मी म्हटलं.

मुलगी म्हणाली, "बाबा कामणला गोदामात असतात, रात्रपाळी. ते 'आईला विचार' म्हणतात. आणि आईला शिबिराचं सांगितलं तर ती नाहीच म्हणतेय."

आई मुंबईला एका ऑफिसात हिशेबाच्या कामाला. तिचं म्हणणं सरळ होतं. मुलीने कॉमर्सची पदवी घ्यावी, नोकरीला लागावं, चित्रं हवी तर रविवारी काढावीत. मला राग आला, पण त्या बाईला चूक तरी कसं म्हणू? रविवारी चित्रं काढून आयुष्य गेलेली बाई मीच होते.

पुढच्या रविवारी वर्ग चालू असताना ती आई वटारला आली. खांद्याला मोठी पिशवी, कपाळावर घाम. दारातूनच म्हणाली, "बाई, ते शिबिराचं बोलायचं होतं. फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून आले."

नाही म्हणायलाच एवढ्या लांब आलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. "थोडं बसा," मी म्हटलं. "मुलांचं एवढं संपवते आणि बोलू."

सरांची वेताची खुर्ची ओट्याच्या टोकाला होती. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली, चपला पायांतून काढल्या. मी एका मुलाची घागर दुरुस्त करून मान वर केली, तोवर तिला झोप लागली होती. डुलकी नव्हे, गाढ झोप. मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं, एक हात पिशवीच्या पट्ट्यात तसाच अडकलेला. वाडीत पाण्याचा पंप धडधडत होता तरी तिला जाग नव्हती. सरांची पत्नी आतून चहा घेऊन आली, तिने बघितलं आणि चहा तसाच परत नेला. मला हळूच म्हणाली, "निजू दे तिला, बाय." आणि जाऊन पंपच बंद केला. केळींना पाणी अर्धंच मिळालं त्या दिवशी.

पंप बंद झाल्यावर मला ऐकू आलं की घागरीवरच्या पेन्सिली थांबल्यात. एकेक बोर्ड वळत होता. सगळ्यात आधी तिच्या मुलीचा. मी मुलांना थांबवायला हवं होतं, तोंडापर्यंत आलंही होतं. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आमच्यासमोर बसलं होतं, हलत नव्हतं, आणि उजेड बरोबर गालावर पडला होता. मीही एक कागद घेतला.

ती उठली तेव्हा दुपार झाली होती. "अगं बाई! कुणी उठवलं कसं नाही मला?" म्हणत ती पदर सावरत उभी राहिली आणि तिची नजर पोरांच्या कागदांवर गेली. सगळीकडे तीच. एकात मान फार लांब झालेली, एकात खुर्चीच मोठी. शेवटी तिने मुलीचा कागद पाहिला. त्यात काही चुकलेलं नव्हतं. पट्ट्यात अडकलेली बोटं, टाचांवरच्या भेगा, पिशवीचा बंद तुटला होता तिथली सेफ्टीपिन आणि डोळ्यांखालचं सगळं. मला ते चित्र पाहून आनंद झाला, आणि त्याच क्षणी त्या बाईचा चेहरा पाहून लाज वाटली.

"अशी दिसते मी?" ती म्हणाली. "हे पाठवणार तुम्ही? तोंड उघडं टाकून झोपलेली बाई मुंबईतल्या लोकांनी बघायची?"

"तुम्ही नको म्हणालात तर नाही पाठवणार," मी म्हटलं.

"नकोच. फाडून टाक ते." मग चपला घालता घालता म्हणाली, "बसलेलं माणूसच हवं ना तुम्हाला? पुढच्या रविवारी मी नीट बसते. शिबिराला हो म्हटलेलं नाही, ते वेगळं. पण माझं चित्र निघायचंच असेल तर बरं निघू दे."

पुढचा रविवार म्हणजे चित्रं पाठवायचा शेवटचा रविवार. ती आली ती जांभळ्या रेशमी साडीत. केसांत सरांच्या वाडीतला मोगरा, ओठांना हलकी लिपस्टिक, चेहऱ्यावर पावडर. त्याच वेताच्या खुर्चीत ताठ बसली, आधारकार्डाचा फोटो काढायला बसतात तशी. मुलांनी बोर्ड उचलले. अगदी शांत बसली होती बिचारी, श्वाससुद्धा जपून घेत होती. पण चित्रं लाकडी होत होती, मुलीचंही. साडीच्या निऱ्या उत्तम, वर माणूसच नाही. एवढं नटून कुणी आपल्यासाठी बसलं असताना काय म्हणणार?

मग तिच्या पापण्या जड झाल्या. तिने एकदा मान झटकली, दुसऱ्यांदा झटकली, आणि तिसऱ्यांदा मान खाली आली ती तशीच राहिली. रेशमी साडीत, मोगऱ्यासकट, गाढ झोप.

मी मुलीला खूण केली. काढ. तिने पेन्सिल बोर्डावर ठेवली आणि नकारार्थी मान हलवली. मी जवळ गेले. ती पुटपुटली, "ती नको म्हणालीय, बाई."

खरं सांगते, मला त्या पोरीचा संताप आला. इतक्या वर्षांच्या खोट्या संधींनंतर एक खरी हाताशी आलेली, शेवटचा दिवस, उजेड मस्त, आणि ही हात बांधून बसली. मला ओरडावंसं वाटलं. मुलगी उठली, आतून एक पाट आणला, आईच्या पायांखाली सरकवला, मांडीवरची पिशवी अलगद काढून घेतली आणि परत जागेवर येऊन बसली. बाकीच्या मुलांनीही पेन्सिली खाली ठेवल्या. पुढचा सगळा वेळ आम्ही ओट्यावर गप्प बसून होतो, कुणी काहीही काढत नव्हतं. माझा संताप कधी गेला ते कळलं नाही, नुसता थकवा राहिला.

ती जागी झाली आणि आधी केस चाचपले. मग मुलीला म्हणाली, "बघू."

मुलीने कागद पुढे केला. साडीच्या निऱ्या, पदर, खांदे, आणि वर मोकळी जागा.

"अर्धंच?"

"तू झोपलीस."

"मग? झोपलेय म्हणून हात थांबतो का? मागच्या वेळेस नाही थांबला तो."

"तू नको म्हणाली होतीस ना."

आईने पायांखालचा पाट पाहिला. बराच वेळ पाहिला. "ते आधीचं फाडलंस?" तिने विचारलं.

मुलीने बोर्डावरचे कागद उचलून सगळ्यात खालचा काढला. आईने तो दोन्ही हातांत धरला आणि उजेडाकडे वळून नीट पाहिला. या वेळी तिने तोंड फिरवलं नाही. "पाय किती सुजलेत गं माझे," ती कुणालाही उद्देशून नसल्यासारखी म्हणाली. लिपस्टिक थोडी पसरली होती, ती तिने बोटाने पुसली. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी उगाच बोर्ड गोळा करायला लागले.

"हेच पाठव," ती कागद परत देत म्हणाली. "आणि तिकडे राहायला गेलीस की रविवारी घरी यायची घाई करू नकोस. मला झोपायचं असतं."