नॉबवरची काळी टेप

माझी शेवटची पोस्टिंग एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका पोलीस कॅम्पवर होती. मी सिग्नलचा हवालदार. माझ्या हाताखाली एकच ऑपरेटर, कॉन्स्टेबल सुधाकर मडावी. त्याचं गाव त्याच तालुक्यातलं, कॅम्पपासून पायी पाच तासांवर. गस्तीची पार्टी निघाली की वायरलेस सेट त्याच्या पाठीवर असे आणि कॅम्पमधल्या मोठ्या सेटसमोर मी.

लोकांना वाटतं, बटण दाबलं की बोलणं झालं. पाठीवरच्या सेटला एक नॉब असतो. तो लो पॉवरवर ठेवला तर बॅटरी दिवसभर पुरते, पण डोंगर आडवा आला की बोलणं तुटतं. हायवर ठेवला तर आवाज खणखणीत जातो आणि बॅटरी भराभर उतरते. कुठे काय ठेवायचं हे चालणाऱ्या ऑपरेटरला कळतं. खुर्चीत बसणाऱ्याला कळत नाही.

त्या पावसाळ्यात सोलर पॅनलला चार-चार दिवस ऊन दिसत नव्हतं. बॅटऱ्या जुन्या झालेल्या. नव्यांची मागणी दोन महिने वरच्या ऑफिसात पडून. त्याच ऑफिसातल्या एका साहेबांचा हुकूम आला, सगळे सेट लो पॉवरवरच चालतील. हुकूम फोनवर आला, कागदावर नाही. कोणी विसरू नये म्हणून मी प्रत्येक सेटचा नॉब लोवर आणला आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप घट्ट गुंडाळली. राजापेक्षा राजनिष्ठ म्हणतात, तो मी.

सुधाकर बघत होता.

"भाऊ, हे जमत नाई. हळू धा वेळा सांगण्यापरीस एक डाव जोरानं सांगतलं तर बॅटरी कमीच लागते."

"ऑर्डर आहे."

"हव. पन डोंगराले ऑर्डर कोन सांगन?"

तो बरोबर बोलत होता, आणि त्याचाच मला राग आला. म्हणालो, "टेपला हात लावायचा नाही. लावलास तर रिपोर्ट करीन."

"नाई लावत," तो म्हणाला आणि सेट पुसायला लागला.

ऑगस्टमधला मंगळवार. पार्टी सकाळी सहाला निघाली, बारा जण. अकरा वाजून दहा मिनिटांनी सुधाकरचा आवाज आला. पायवाटेवर स्फोट. एक कॅज्युअल्टी. पाय गेला. हेलिकॉप्टर पाठवा. हे एवढं जुळवायलाच मला त्याला तीनदा बोलायला लावावं लागलं.

हेलिकॉप्टरला जागेचा सहा आकडी ग्रिड, म्हणजे नकाशावरचा नंबर लागतो. त्याने तो सांगितला. मला तीन आकडे मिळाले.

"से अगेन. ओव्हर."

चार मिळाले.

"से अगेन."

मग पाच. सहावा खरखरीत गेला. सहावा नसेल तर जंगलाची एक किलोमीटर लांब पट्टी शोधत बसावी लागते, आणि पूर्ण ग्रिडशिवाय हेलिकॉप्टर उठणार नव्हतं. माझा सेट गाडीच्या मोठ्या बॅटरीवर होता, माझा आवाज त्याला नीट जात होता. मी म्हणालो, फक्त शेवटचा आकडा सांग. तो सांगत राहिला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता आलंच, आणखी एकदा विचारू. त्या नॉबची आठवण मला झाली नाही असं नाही. झाली. पण हुकूम मोडायचा तर तोंड माझं उघडायला हवं होतं, आणि मी एकेक खेप पुढे ढकलत गेलो.

माझ्या लॉगबुकात त्याच्या बोलण्याच्या सतरा खेपा आहेत. अकरा अठ्ठेचाळीसला मी म्हणालो, "सुधाकर, टेप काढ. हाय कर."

उत्तर आलं नाही. बॅटरी संपली होती. स्पेअर नव्हती.

पार्टीने जखमीला बांबूच्या डोलीतून रस्त्यापर्यंत आणलं. तीन वीसला गाडी मिळाली. तोवर तो गेला होता. तो सुधाकरच होता. सतरा खेपांत एकदाही तो म्हणाला नाही की कॅज्युअल्टी मीच आहे. पार्टी कमांडरने नंतर सांगितलं, त्याने हँडसेट दुसऱ्या कोणाला दिला नाही.

सेट माझ्याकडे परत आला. टेप मी गुंडाळली होती तशीच होती, एकही कोपरा उचललेला नव्हता. चौकशीच्या आदल्या दिवशी मी ती नखाने सोलून काढली आणि नॉबवरचा चिकटा रॉकेलने पुसला. चौकशीत विचारलं, पॉवर कोण ठरवतं? मी म्हणालो, "ऑपरेटर, सर." फोनवर हुकूम देणारे साहेब शेजारच्याच खुर्चीत होते. ते टेबलाकडे बघत होते, मी भिंतीकडे. रिपोर्टात आलं, ऑपरेटरने अनावश्यक बोलून बॅटरी संपवली. आठ दिवसांनी नव्या बॅटऱ्या आल्या. वरातीमागून घोडं.

पुढच्या वर्षी रिटायर होऊन मी सावलीला, माझ्या गावी आलो. झोप लागेना, म्हणून यंदा त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील अंगणात दोर वळत बसले होते. रिपोर्टाची नक्कल त्यांच्याकडे होती, कोणीतरी वाचून दाखवलेली.

"साहेब, माहा पोरगा उगा बोलनारा नोता. मंग काऊन बोलत राह्यला?"

मी सगळं सांगितलं. फोन, टेप, माझी धमकी, रॉकेल. मला वाटलं, ते मला हाकलून देतील. दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यांनी दोर खाली ठेवला.

"म्हंजे तुमी हात लावू नोको म्हनलं, अन् त्यानं नाई लावला."

"हो, बाबा."

"मंग कागदात तसं लिवा."

मी लिहून वर पाठवलं. प्रकरण बंद झालं आहे, असं उत्तर आलं. म्हणून इथे लिहितो. कॉन्स्टेबल सुधाकर मडावी, ऑपरेटर. अकरा दहा ते अकरा अठ्ठेचाळीस, सतरा वेळा, मी विचारलं तेवढंच बोलला. टेपला त्याने हात लावला नाही. टेप मी लावली होती, आणि मीच काढली.