नखाएवढा ओरखडा

काल तिन्हीसांजेला चौकात एक गृहस्थ सायकलवर एक पाय टेकवून उभे होते. चाक थांबलं म्हणून डायनामोवरचा दिवाही विझलेला. रस्ता मोकळा झाला, त्यांनी पॅडल मारलं आणि दिवा आधी मिणमिणत, मग ठसक्यात लागला. मला माझी हिरवी सायकल आठवली.

तिला स्वस्तातला डायनामो मी स्वतःच बसवला होता. नव्या रंगाला ओरखडा नको म्हणून तो आवळायच्या पट्टीखाली कापडाची घडी घातली. चाक फिरलं, डायनामो घुरघुरला, पण दिवा काही लागेना. शेवटी सायकल कोपऱ्यावरच्या मिस्त्रींकडे नेली. घडी बघून ते हसलेच.

“ताई, तार एकच आहे. वीज परत जाणार सायकलच्या लोखंडातून. तुम्ही मध्ये कापड घातलंत, आणि त्याखाली रंग!”

“म्हणजे रंग खरवडायचा?”

“नखाएवढा.”

मी तोंड फिरवलं. पॉलिशपेपरची खरखर माझ्याच अंगावर उमटत होती. मग त्यांनी चाक उचलून हाताने गरकन फिरवलं आणि दुकानाच्या काळ्या भिंतीवर पिवळं वर्तुळ उमटलं.

काय गुणी वस्तू! सेल नको, काही नको. आपणच पाय मारायचे आणि आपल्यापुरता उजेड करायचा. चढावर पाय भरून आले की कळायचं, उजेडालाही वजन असतं.

दर पावसाळ्यानंतर त्या उघड्या जागेवर गंज धरायचा, दिवा मंदावायचा. मग मी पॉलिशपेपर घेऊन बसायचे. त्या सायकलवर मी सगळ्यात जास्त जपलं, ते त्या ओरखड्याला.