छप्पर चढेपर्यंत

तेरा वर्षं इझ्रिना हेस्टीनं एका जमिनीवरून लोकांच्या शेळ्या हाकलल्या. ती जमीन तिचीच होती. तिच्याइतकीच ती शेजारच्या हेझेकाया टाइन्सच्या बायकोची, मायामीत हॉटेलच्या खोल्या झाडणाऱ्या इझ्रिनाच्या बहिणींची आणि अजून जन्माला न आलेल्या हेस्टींचीही होती. ॲक्लिन्स बेटावर टर्बट बाइट नावाची वीस-बावीस घरांची वस्ती आहे. तिच्या दक्षिणेला समुद्राला लागून ऐंशी एकर पिढ्यांची जमीन आहे. ती कुणी कुणाच्या नावावर केली नाही, विकायचीही नाही. हेस्टींच्या रक्ताचा कुणीही परत आला तर त्यानं तिथं घर बांधावं, एवढाच नियम.

त्या नियमाला एक रीत जोडलेली आहे. घर बांधू पाहणारा घराण्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाच्या अंगणात येतो, जागा मागतो आणि आपला कोयता तिथं ठेवून जातो. घरावर छप्पर चढलं की कोयता परत मिळतो. छपराआधीच परत दिला गेला, तर त्या माणसाला तिथं पुन्हा कधी जागा मिळत नाही. छप्पर चढेपर्यंत त्या तुकड्यावर बाकी कुणी पाय ठेवत नाही. शेळी बांधत नाही, खेकडे धरत नाही, विकायला कॅस्करिलाच्या झुडपांची साल सोलत नाही. परतलेल्या माणसाला मोकळेपणी पाय रोवता यावेत म्हणून.

इझ्रिना एकाहत्तर वर्षांची आहे. साल सोलून तिच्या बोटांची टोकं काळी पडली आहेत, तो रंग आता धुऊनही जात नाही. तिनं लग्न केलं नाही. विचारलं तर सांगते, "एकानं विचारलं होतं. त्याला नॅसॉला राहायचं होतं." विषय संपतो. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसते आणि पाद्री लांबण लावू लागला की मोठ्यानं घसा खाकरते.

तिच्या भावाचा, थिओफिलसचा मुलगा कार्डवेल राजधानीतून, नॅसॉहून टपालबोटीनं आला तेव्हा पस्तिशीचा होता. तिच्या अंगणात चिंचेखाली बसून त्यानं जॉनीकेकचा जाड पाव खाल्ला, दक्षिणेकडचा वीस एकराचा किनारा मागितला आणि कोयता ठेवला. कोयत्याच्या मुठीवर त्यानं तापलेल्या खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं.

"वीस एकर? घर बांधतोयस की बंदर?" इझ्रिनानं विचारलं होतं.

"चार पोरं आहेत आत्या. उद्या तीही येतील."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या अकरा शेळ्या उत्तरेकडे हलवल्या. तिची सगळ्यात चांगली साल दक्षिणेलाच मिळायची, तीही सोडली. कार्डवेलनं सिमेंटच्या विटांच्या चार भिंती छातीएवढ्या उंच केल्या. कोपऱ्यांतून लोखंडी सळया वर आलेल्या ठेवल्या आणि पैसे संपले म्हणून नॅसॉला गेला. या बेटांवर अशा सळया जिकडे-तिकडे दिसतात. सळई उभी आहे याचा अर्थ माणूस येणार आहे. तो दर दोन वर्षांनी येत राहिला, झुडपं तोडून फोटो काढून जात राहिला. लोकांनी वाट पाहिली. हेझेकायाची शेळी तिकडे शिरली की इझ्रिना काठी घेऊन धावायची आणि हेझेकाया म्हणायचा, "अगं, भिंतींना शिंगं लागली तर छप्पर पळून जाईल का?"

"आहे कुठं छप्पर पळायला? ने ती शेळी!"

मग एका मार्चमध्ये भाड्याच्या बोटीतून एक जोडपं उतरलं. थंड देशातलं, पन्नाशीचं. चार महिने बेटामागून बेट पाहत फिरत होतं. एग्झुमा महाग निघालं, लाँग आयलंडला किनारा खडकाळ, इथली वाळू मात्र त्यांना पसंत पडली. बाईच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला नकाशा होता. इझ्रिनानं त्यांना ओसरीवर बसवलं, लिंबाचं सरबत दिलं. पाहुण्याला आधी सरबत द्यायचं, मग काम विचारायचं.

"तुम्ही आमच्या शेजारीण होणार तर!" बाई म्हणाली.

"कुठं घर घेताय?"

बाईनं नकाशा मांडला. दक्षिणेकडचा किनारा लाल रेषेत होता. रेषा बरोबर त्या तुकड्याभोवती फिरली होती, कॅस्करिलाच्या झाडीसकट.

"ती आमची जमीन आहे," इझ्रिना म्हणाली.

"मिस्टर हेस्टींची ना? हो, ते फार सज्जन आहेत. कोर्टातून मालकी पक्की झाली की आम्ही खरेदी करणार. ते म्हणाले, तिथं दुसरं कुणीच येत-जात नाही."

इझ्रिनानं बाईच्या हातातला अर्धा भरलेला ग्लास काढून घेतला आणि सरबत चिंचेच्या बुडाशी ओतलं. टर्बट बाइटमध्ये हे अजून सांगितलं जातं, कारण तिनं पाहुण्याच्या हातातून काही काढून घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

कार्डवेलच्या अर्जाची सूचना नॅसॉच्या वर्तमानपत्रात तीन वेळा छापून आली होती. टर्बट बाइटमध्ये ते वर्तमानपत्र येतं ते मासे गुंडाळण्यापुरतं. हरकत घ्यायला एकोणीस दिवस उरले होते. इझ्रिनानं चार बहिणींना फोन केले, टपालबोट पकडली आणि नॅसॉत लोरेट डोसेट नावाच्या तरुण वकील बाईपुढे जाऊन बसली. लोरेटनं तिला कार्डवेलचं प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. बारा वर्षं जमीन एकट्याच्या ताब्यात असली, दुसऱ्या कुणी हक्क सांगितला नाही, तर कोर्ट मालकी देऊ शकतं. कार्डवेलनं तेरा वर्षं लिहिली होती. नववा परिच्छेद असा होता : अर्जदाराची आत्या इझ्रिना हेस्टी ही स्वतः सदर जमिनीवर कधी गेली नाही, तसेच अर्जदाराच्या वतीने तिने इतरांनाही येऊ दिले नाही.

"पुन्हा वाचा," इझ्रिना म्हणाली.

लोरेटनं वाचलं.

"माझी काठी वापरली त्यानं," इझ्रिना म्हणाली. "माझीच काठी."

ती परत आली तेव्हा सगळी वस्ती धक्क्यावर उभी होती. हेझेकायाकडे उत्तर तयार होतं. "सोपं आहे. कोर्टात सांग, तुझ्या शेळ्या दर पावसात आत चरत होत्या. मी सांगतो माझ्या चरत होत्या. माझ्या तर खरंच चरत होत्या, तू हाकलायचीस म्हणून काय झालं!"

"मी खोटं सांगू?"

"तो सांगत नाहीये का?"

"नाही!" ती ओरडली. "तीच तर आग आहे हेझेकाया! त्यानं एक शब्द खोटा लिहिलेला नाही. मी गेले नाही. मी कुणाला जाऊ दिलं नाही. सगळं खरं आहे आणि तरी तो चोर आहे!"

त्या रविवारी चर्चमध्ये तिनं घसा खाकरला नाही, आणि पाद्री तब्बल पन्नास मिनिटं बोलला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी लोरेटनं विचारलं, "मिस इझ्रिना, एक मला कळत नाही. तुम्ही शेळ्या हलवल्या तरी का?"

"कोयता आला होता म्हणून."

"कसला कोयता?"

इझ्रिनानं पिशवीतून तागाची गुंडाळी काढली. तेरा वर्षं ती कोयत्याला दर इस्टरला तेल लावत आली होती. पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता. मुठीवर नाव होतं. सगळी हकीगत ऐकून झाल्यावर लोरेटनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हे तुम्ही मला तीन महिने का सांगितलं नाही?"

"तुम्ही शेळ्यांचं विचारत होतात."

कोर्टाच्या दारावर शिपायानं त्यांना अडवलं. कोयता घेऊन आत जाता येत नाही म्हणाला. इझ्रिना म्हणाली, "बाळा, मला माझ्या भाच्याला कापायचं असतं तर मी इथवर बोटीनं का आले असते? तो टपालबोटीतून नेहमी घरी येतो." शेवटी लोरेटनं रीतसर कागद दाखवले, आणि कोयता पुरावा म्हणून एका शिक्क्याच्या पिशवीत आत गेला.

कार्डवेलच्या वकिलानं इझ्रिनाला तीन प्रश्न विचारले. तेरा वर्षांत तुम्ही जमिनीवर गेलात? नाही. साल सोलली? नाही. इतरांना हाकललं? हो. तो समाधानानं बसला. मग लोरेट उठली आणि तिनं पिशवी वर धरली.

"हे काय आहे?"

"त्याचा कोयता. जागा मागायला आला तेव्हा माझ्या अंगणात ठेवून गेला."

"मागायला?"

"हो, मागायला. स्वतःची असती तर मागितली असती का? मी दिली. छप्पर चढेपर्यंत. छप्पर कुठंय, त्याला विचारा."

न्यायाधीशांनी कार्डवेलला विचारलं की मुठीवरचं नाव तुमचं आहे का. कार्डवेलनं मुठीकडे पाहिलं. मग हो म्हणाला.

परवानगीनं बसलेल्या माणसाचा ताबा मालकीचा होत नाही, असं म्हणून अर्ज अकरा आठवड्यांनी फेटाळला गेला. पण त्याआधीच, सुनावणी संपल्यावर बाहेरच्या पायऱ्यांवर कार्डवेलनं तिला गाठलं होतं. "आत्या, तुलाही वाटा दिला असता. सगळ्यांना दिला असता. ती जमीन नुसती पडून आहे."

"पडून नव्हती. तुझी वाट पाहत होती." तिचा आवाज इतका चढला की खालचे टॅक्सीवाले वळून पाहू लागले. "निकाल लागला की कोर्ट तो कोयता परत देईल ना, तो तू घेऊन जा. छपराआधी कोयता परत गेला की काय होतं ते तुझ्या बापानं तुला शिकवलंय."

तो शिकलेला होता. तो पुन्हा टर्बट बाइटला आलेला नाही.

जमीन राहिली. इझ्रिनाचा राग मात्र उतरला नाही. वस्तीतल्या लोकांना वाटलं होतं, निकालानंतर ती पहिल्यासारखी होईल. तिनं शेळ्या थेट त्या चार भिंतींच्या आत नेऊन बांधल्या आणि सळया हेझेकायाकडून कापून घेतल्या. "वाकड्या कापू की सरळ?" त्यानं विचारलं. ती हसली नाही.

त्यानंतरच्या वर्षी वादळात अबाको बेटावरचं घर गमावलेली पर्लीन नावाची मुलगी आली. चोवीस वर्षांची, इझ्रिनाच्या मायामीतल्या बहिणीची नात. अंगणात बसून तिनं दक्षिणेच्या त्याच किनाऱ्यावरचं एक एकर मागितलं आणि कोयता ठेवला. नवाच होता, दुकानाची चिठ्ठीही अजून चिकटलेली.

इझ्रिना आत गेली आणि लोरेटनं लिहून दिलेला कागद घेऊन आली. त्यात लिहिलं होतं की ही जागा मी मागून घेतली आहे आणि ती कधीही माझी होणार नाही.

पर्लीननं वाचला. तिचे कान लाल झाले. "आजी, मी रक्ताची आहे ना? कोयता पुरत नाही?"

"तोही रक्ताचाच होता. सही कर."

मुलीनं सही केली. इझ्रिनानं कागदाची घडी करून बायबलमध्ये ठेवली, कोयता तागात गुंडाळला. शेळ्या मात्र तिनं या वेळी हलवल्या नाहीत.