कर्नलकाकांचं पहिलं मत

कर्नलकाका सरकारला शिव्या द्यायचे त्या उभं राहून. टीव्हीवर मंत्री दिसला, मग तो दिल्लीचा असो की कॅनबेराचा, की सोफ्यावरून उठायचे, हात मागे बांधायचे आणि तोंडाचा पट्टा सुरू. "बसून दिली की ती कुरकुर," ते म्हणायचे, "उभं राहून दिली की तक्रार." ऑस्ट्रेलियात, स्कोफिल्ड्सच्या आमच्या एस्टेटमध्ये, म्हणजे नव्या घरांच्या वसाहतीत, दोन घरांत हातभर अंतर, त्यामुळे शेजारीण म्हणून मला त्यांच्या सगळ्या तक्रारी पाठ झाल्या होत्या. नाकावर राग असलेला हा म्हातारा सुरुवातीला मला मुळीच आवडत नव्हता.

राग श्रीलंकेतला होता. तरुणपणी ते आपल्या फौजेबरोबर तिथे गेले होते. दिल्लीने शांतता राखायला म्हणून पाठवलं आणि पोचल्यावर लढायला लावलं. लढाईला जोर आला की वाटाघाटींसाठी थांबा म्हणून हुकूम यायचा. हे थांबले की समोरचे बंडखोर रस्त्यांत सुरुंग पेरून ठेवायचे, मग पुन्हा पुढे जायचा हुकूम. काकांनी वरिष्ठांशी भांडण केलं. "आमचे साहेब जंगलात आमच्या बाजूने बोलायचे आणि दिल्लीत मंत्र्यांच्या. मंत्री म्हणायचे फौज ऐकत नाही, फौज म्हणायची मंत्र्यांना कळत नाही. दोघं एकमेकांवर डाफरत बसले आणि मधे माझी पोरं गेली." पुढे सरकार बदललं आणि नव्या सरकारने सगळ्यांना परत बोलावलं. "एकाने पाठवलं, दुसऱ्याने बोलावलं. मेलेल्यांचं विचारायला सवड दोघांनाही नव्हती."

ईशाने, त्यांच्या इथेच जन्मलेल्या नातीने, ऑस्ट्रेलियन आर्मीत जायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं आजोबा खूश होतील. पण त्या रागापायी ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. सून मेधा रडून थकली, मुलगा समजावून थकला. पोरगी आजोबांवरच गेलेली, ती बधली नाही. "तुला पाठवणारा माणूस तुझं नावसुद्धा विचारणार नाही," एवढंच तिला त्यांनी एकदा ऐकवलं. ती गेली. त्यानंतर कॅनबेराच्या बातम्या लागल्या की ते जेवता जेवता थांबायचे.

ती पहिल्या सुट्टीवर आली तेव्हा आमच्या बॅकयार्डमध्ये बार्बेक्यू होता. पलीकडच्या गल्लीतला निखिल, मूळचा कोथरूडचा, चिकन उलटता उलटता म्हणाला, "काका, खरं सांगू? देश दहा वर्षं आर्मीच्या ताब्यात द्यायला हवा. सगळे सुतासारखे सरळ होतील." आपल्याकडे निम्म्या दिवाणखान्यांत हे वाक्य चहाबरोबर येतं. निखिलला वाटलं, काका पाठ थोपटतील.

काका उठले. "त्या गाढवांना मी शिव्या देतो, कारण त्यांना पाडता येतं. मला कोण पाडणार रे? माझ्या हातात बंदूक असते. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या हातात सही द्यायची नाही, कळलं? हुकूम चुकीचा असेल तर तोंडावर सांगायचं. मग पाळायचा, नाहीतर वर्दी उतरवायची. मी पाळला. त्याची किंमत तुला काय ठाऊक?"

निखिलचा चेहरा पडला. बोलली ती ईशाच, "पण आबा, तुम्ही कुणाला कधी पाडलंत? यू डोन्ट इव्हन व्होट हिअर."

ते खरं होतं, आणि अर्धंच होतं. इथेच काय, काकांनी उभ्या आयुष्यात कुठेही मत दिलं नव्हतं. नोकरीत टपाली मतपत्रिका कधी वेळेवर पोचली नाही, नंतर मन विटलं. इथलं नागरिकत्व घ्या म्हणून मुलगा किती वर्षं मागे लागला होता. त्यासाठी भारताचा पासपोर्ट सोडावा लागतो, आणि त्या विषयावर ते दारसुद्धा आपटायचे.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मुलाला अर्ज भरायला लावला. यथावकाश ब्लॅकटाउनच्या नगरपालिकेत नागरिकत्वाची शपथ घेतली, मेयरने सगळ्यांच्या हाती एकेक रोप दिलं ते घेतलं, घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत पडून राहिले. व्हॉट्सअॅप ग्रुपवर निखिलने लिहिलं, फौजी माणसाने तरी असं करायला नको होतं. मी तणतणत जाऊन काकांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याची नात कुठे जातेय लढायला? माझ्या हातात आता एक मत, एवढंच आहे."

निवडणुकीच्या दिवशी त्यांना मीच शाळेतल्या मतदान केंद्रावर घेऊन गेले. इथे मत दिलं नाही तर दंड होतो, त्यामुळे अख्खी एस्टेट रांगेत होती, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात केंद्राबाहेर भाजून विकतात ते सॉसेज. पत्रकं वाटणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या माणसाला काकांनी एकच प्रश्न विचारला, "सैन्य बाहेर पाठवण्याआधी संसदेला विचारणार का?" सगळे पत्रक हातात कोंबून रांगेतल्या पुढच्याकडे वळायचे. एक जण "गुड क्वेश्चन, मेट" म्हणाला, त्याच्यावर ते खेकसले. आत त्यांना फार वेळ लागला. बाहेर येऊन म्हणाले, "सगळ्या उमेदवारांना नंबर द्यावे लागतात. नालायकांचीसुद्धा क्रमवारी लावायची म्हणजे जबाबदारी आहे."

त्यांनी पहिला नंबर दिलेला उमेदवार पडला. बाकी गल्लीने स्टेशनच्या पार्किंगच्या आश्वासनाकडे बघून मत दिलं होतं.

काही महिन्यांनी ईशाच्या तुकडीला परदेशी जाण्याचा हुकूम आला. तिकडे युद्ध चालू होतं. आपले सैनिक फक्त प्रशिक्षण देणार, असं मंत्री टीव्हीवर सांगत होते. "आम्हीपण फक्त शांतता राखायला गेलो होतो," काका म्हणाले. ईशा निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिथेच होते.

"संसदेला विचारलं?"

"नो, आबा."

"मग माझं मत वाया गेलं."

"वाया नाही, आबा. यू लॉस्ट. दॅट्स डिफरंट."

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मेधा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

काका त्याच हिवाळ्यात गेले. ईशाला यायला मिळालं नाही, ती अजून तिकडेच आहे. माणूस गेला की त्याचा राग विझतो म्हणतात, पण त्यांचा मला लागला आहे. परवा आमच्या खासदारबाई, सरकारी पक्षाच्याच, स्टेशनवर लोकांना भेटत होत्या. मी पार्किंगचं विचारायला म्हणून थांबले आणि ईशा कधी परत येणार, असं विचारून बसले. बाई हसून म्हणाल्या, "इज शी युवर डॉटर?"

"नो," मी म्हटलं, "बट यू सेंट हर."