इंजिनाची बॅटरी आणि इस्त्री

माझ्या ताईच्या नवऱ्याला धक्क्यावरचे लोक ‘कप्तान’ म्हणत. ती थट्टा आहे, हे भावोजींना कधी कळलंच नाही. जन्मभर विमा कचेरीत खुर्ची उबवली, पोहता येत नाही, लाट दिसली की कठडा धरून बसतात. पण निवृत्त झाल्या झाल्या भावोजींनी एक जुनी बोट विकत घेतली आणि ताईला भरल्या घरातून उचलून त्या डबड्यात नेऊन बसवलं. बोट खाडीत नांगरलेली. समोरच्या काठावर शहर, तिथं त्यांची मुलगी आणि मी.

बोटीवर राहायचं तर गरजा कमी करायच्या, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. भावोजींनी फ्रिज आणला, टोस्टर आणला, टीव्ही आणला, शेवटी इस्त्रीसुद्धा. बॅटरीवर घरातली उपकरणं चालावीत म्हणून जिन्याखाली इन्व्हर्टर बसवला. पाहुणा आला की आधी त्याच्यावरचा आकडा दाखवायचे, मग ‘बसा’ म्हणायचे. टोस्टर लावायचा तर फ्रिज बंद करायचा, फ्रिज चालू तर टीव्ही बंद. असली ती श्रीमंती! वर ताईलाच दटावायचे, “तुला लोडमधलं काही कळत नाही.”

बॅटऱ्या दोन होत्या. एक या सगळ्या थाटासाठी, दुसरी फक्त इंजिन सुरू करायला. मध्ये फिरवायचं एक बटण: घर, इंजिन किंवा दोन्ही. ताई एकच सांगायची, “अहो, इंजिनाच्या बॅटरीला तेवढा हात लावू नका.” पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बायकोचं ऐकतो होय?

एके सकाळी जावयाचा फोन आला. मुलीला कळा सुरू झाल्या होत्या आणि ती सारखी आईला बोलवत होती. पहिलंच बाळंतपण. ‘मी तुझ्या उशाशी असेन,’ असा ताईनं तिला शब्द दिला होता. ताई पिशवी घेऊन तयार, आणि भावोजी म्हणाले, “आजोबा व्हायला चुरगळलेल्या शर्टात जाऊ? पाचच मिनिटं.”

इस्त्री लावली. घरची बॅटरी उतरली, तसा इन्व्हर्टर केकाटायला लागला. यांनी बटण फिरवून ‘दोन्ही’वर नेलं, तसा तो गप्प झाला.

“बघितलंस? डोकं लागतं!”

शर्टाला कडक इस्त्री झाली. मग महाशयांनी इंजिनाची चावी फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि बसलं. पुन्हा फिरवली, तर नुसती टकटक.

“बॅटरीवाल्यानं टाकाऊ माल गळ्यात मारला,” भावोजी म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं. “थांब जरा. ऊन वर आलं की टपावरच्या सोलर पॅनेलवर चार्ज होईल.”

ताई थांबली नाही. बोटीमागं बांधलेल्या छोट्या होडीत उतरली आणि वल्ही हातात घेतली. होडी फार हलते म्हणून भावोजी उतरले नाहीत. ओहोटीचं पाणी तिला सारखं बाजूला ओढत होतं, आणि हे डेकवरून सूचना देत होते.

इकडं दवाखान्यात मुलीनं माझा हात आवळून धरला होता. “मावशी, आई कुठाय गं?” ती ओरडत होती. ताई पोचली तेव्हा तिच्या तळहातांना फोड आले होते, आणि बाळ जन्मून पुसून गुंडाळून झालं होतं. मुलीनं आईकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं. ताईला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी कुणाच्या तरी बोटीतून भावोजी उगवले. बाळाकडे ओझरतं पाहिलं आणि जावयाला तिसरी बॅटरी कुठं बसवता येईल ते समजावू लागले.

“मी आता लेकीकडंच राहणार,” ताई म्हणाली.

“किती दिवस?”

“बोटीवर मी परत येणार नाही.”

भावोजी गोंधळले. मुलगी कशी आहे हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं. जरा विचार करून म्हणाले, “मग माझ्या जेवणाचं काय?”

मी त्यांना खोलीबाहेर काढलं आणि त्यांच्या तोंडावर दार लावलं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.