काकांचा आजचा सीन

मित्रांनो, आज पोखर्णीला आमच्या विनोदी सिनेमाच्या दुसऱ्या भागाचं शूटिंग होतं. मी सहायक दिग्दर्शक.

पहिल्या भागात भांडखोर सासरा होऊन सगळ्यांना हसवणारे काका आज प्रत्येक टेकला जुन्याच भागातले संवाद म्हणत होते. युनिट आधी हसलं, मग काहीतरी बिनसलंय हे सगळ्यांच्या लक्षात आलं.

सोबत आलेली त्यांची मुलगी दिग्दर्शकाला हळूच म्हणाली, "घरातल्यांची नावंबी विसरायलेत. आधी सांगितलं असतं तर तुमी घेतलं नसतं."

दिग्दर्शकाने काकांना कळू न देता कॅमेरा बंद करायला लावला आणि काकांना सीन पूर्ण करू दिला. आम्ही सगळे मोठमोठ्याने हसलो.

"कसा झाला रं?" काकांनी मला विचारलं.

"लय भारी, काका."

ते खुशीत घरी गेले. उद्या त्यांच्या जागी दुसरा नट येतोय.

तुम्ही असता तर त्यांना खरं सांगितलं असतं का?